संग्रहालयांतील गांव आणि गांवांतील संग्रहालय

‘संग्रहालय’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि एकच चित्र उभें राहतें. कांचेचीं कपाटें, त्यांत गंजलेल्या तरवारी, नाक तुटलेल्या मूर्ति, खालीं बारीक अक्षरांतील चिठ्ठी, आणि ‘हात लावूं नये’ अशी ताकीद. मुलें अर्ध्या तासांत जांभया देऊं लागतात व वडील माणसें बांकावर टेकतात. राजांच्या तरवारी जपाव्यात, यांत वाद नाहीं. परंतु ज्या तिफणीनें पेरलें, ज्या मोटेनें पाणी उपसलें आणि ज्या जात्यावर दळलें, त्यांच्यावर राजांचींहि पोटें भरलीं. मग या वस्तूंना घर कोठें, हा प्रश्न फार उशिरां सुचला.

तो प्रथम सुचला स्वीडन देशांतील आर्तूर हाझेलियस या गृहस्थांस. गांवोगांवचीं लांकडी घरें पडत आहेत, जुन्या चालीरीति नाहींशा होत आहेत, हें पाहून त्यांनीं देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरें जशींच्या तशीं उचलून आणिलीं, स्टॉकहोम येथील एका टेकाडावर पुन्हां उभारिलीं आणि १८९१ सालीं तें ‘स्कान्सेन’ लोकांस खुलें केलें. खुल्या आकाशाखालच्या संग्रहालयांची परंपरा तेथून सुरू झाली. घरांच्या जोडीला त्यांनीं ऋतुहि आणिले, ही विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावरचा उत्सव, नाताळचा बाजार, त्या त्या हंगामाचीं कामें, हीं सर्व तेथें आजहि चालतात. १९०३ सालीं सुरू झालेला नाताळचा बाजार तर आतां शंभरी ओलांडून पुढें गेला आहे.

आपल्या महाराष्ट्रांत या प्रश्नाचें पहिलें ठळक उत्तर एका मध्यमवर्गीय गृहस्थानेंच दिलें. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं, ज्यांस काव्यरसिक ‘अज्ञातवासी’ या नांवानें ओळखतात, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरांतील खवण्या, असें जें जें लोक अडगळ म्हणून टाकीत होते, तें तें त्यांनीं घरीं आणिलें. अकालीं निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें, आणि १९७५ सालीं वीस हजारांच्या घरांतील तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मात्र तें घरांतलें संग्रहालय झालें. शेत, विहीर, खळें यांस छपराखालीं कसें आणावयाचें?

त्यासाठीं कोल्हापूरच्या दक्षिणेस कणेरी मठावर गेलें पाहिजे. आमच्या हदगांवावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग कोल्हापुरावरूनच पुढें जातो. तेव्हां रस्ता एक आहे, अंतर मात्र एका दिवसाचें आहे. गेल्या माघांत घरचीं लहानमोठीं नऊ माणसें घेऊन आम्ही तेथें गेलों. त्यांत सत्त्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई होत्या आणि नऊ वर्षांचा त्यांचा पणतू होता. या दोघांच्या मधोमध चालत गेल्यामुळें आम्हांस तें संग्रहालय दोन डोळ्यांनीं पाहतां आलें.

श्री काडसिद्धेश्वर मठाच्या आवारांत, मठाधिपति अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या प्रेरणेनें, या शतकाच्या पहिल्या दशकांत हें ‘सिद्धगिरी’ ग्रामजीवन संग्रहालय उभें राहिलें. महात्मा गांधींची ग्रामस्वराज्याची कल्पना त्याच्या मुळाशीं आहे. सुमारें सात एकरांच्या उतारावर एक अवघा गांव वसविला आहे. मात्र त्यांतील माणसें व जनावरें सिमेंटचीं आहेत. कुंभार चाकावर बसला आहे, लोहाराचा भाता चालूं आहे, न्हावी झाडाखालीं हजामत करीत आहे, विहिरीवर बायका पाणी भरीत आहेत, पोरें खेळण्यांत दंग आहेत. बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार ज्या गांवगाड्यास जोडलेले होते, तो गाडा एकदम थांबवून त्यावर कोणीं मंत्र टाकावा, तसें तें दृश्य आहे. घागर कमरेवर घेतां अंग कोणत्या बाजूला कलतें, नांगरावर पाय कसा रोंवतात, हें सारें बारकाईनें घडविलें आहे.

आत्याबाई जात्यापाशीं बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. पणतूनें विचारलें, “आत्याआजी, तुम्ही असं खरंच दळलंय?” त्या म्हणाल्या, “अरे, पहाटे चारला उठून दोन पायल्या दळल्याशिवाय चूल पेटत नसे. एकटीच्यानं ओढवत नसे, म्हणून समोर तुझी थोरली पणजी बसायची. ती ओवी म्हणायची, मी ओढायची.” तोपर्यंत जातें म्हणजे दोन वाटोळे दगड, एवढेंच त्या मुलास ठाऊक होतें. वरची तळी कोणती व खालची कोणती, मधल्या भोंकांत माकडी कां बसवितात, खुंटा सैल झाला तर काय होतें, हें त्यानें पाऊण तास खोदून खोदून विचारलें. तेवढ्यांत भोंवतीं दहाबारा अनोळखी मुलें जमलीं. दगडाच्या जात्याला त्या दिवशीं आवाज मिळाला तो आत्याबाईंचा.

पुढें पेरणीच्या दृश्यापाशीं आणखी एक गंमत झाली. आत्याबाई म्हणाल्या, “ही बघ तिफण.” शेजारीं एक कोल्हापूरकडील शेतकरी कुटुंब उभें होतें, त्यांतील आजोबा हंसून म्हणाले, “आमी हिला कुरी म्हंतो, आक्का.” पुण्यानगराकडे तीच पाभर होते. आमच्याकडे जो वखर, तो त्यांच्याकडे कुळव. आम्ही कोळपें म्हणतों, तर पैनगंगा ओलांडून पलीकडे वऱ्हाडांत गेलें कीं त्याचा डवरा होतो. एका अवजाराला चार नांवें असणें ही भाषेची श्रीमंती आहे. परंतु ज्या प्रांताचें संग्रहालय नाहीं, त्या प्रांताचीं नांवें आधीं मरतात, हेंहि खरें. कोल्हापूरचा गांव कोल्हापुरानें जपला. मराठवाड्याचा कोणीं जपावयाचा?

मराठवाड्याचा गांव दिसावयासहि वेगळा होता. पांढऱ्या मातीचीं माळवदें, देशमुखांची मातीची गढी, भिंतींत दडविलेलीं धान्याचीं बळदें, आणि जमिनीच्या पोटांत खणलेलीं ज्वारीचीं पेवें! पेव उघडल्यावर त्यांत लागलींच उतरूं नये, आंत कोंडलेली हवा माणसाचा प्राण घेते, हें ज्ञान दोन पिढ्यांपूर्वीं गांवच्या पोरासोरांस होतें. आज पेव म्हणजे काय, हें आमच्या तालुक्यांतील पदवीधरांसहि सांगावें लागतें. शेतांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें, पेरणीस ट्रॅक्टर आला, पैनगंगेवरील इसापूर धरणाचें पाणी कालव्यानें आलें. हें सर्व इष्टच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र बदल ज्या वेगानें झाला, त्या वेगानें आपण कांहीं नोंदून ठेविलें नाहीं.

आतां आम्हांस जी गोष्ट मुख्यतः सांगावयाची आहे, ती अशी. पुतळ्यांच्या गांवांत पेरणी, विहिरीवरचें पाणी, लोहाराचा भाता, हीं सर्व एकाच दिवशीं, एकाच उन्हांत चाललेलीं असतात. तो पुतळ्यांचा दोष नव्हे, त्यांचा धर्मच तो. खऱ्या गांवांत मात्र एक गोष्ट संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाहीं. मृगाचा पाऊस पडल्याखेरीज तिफण माळ्यावरून खालीं येत नाहीं, आणि पीक हातीं आल्याखेरीज खळें सारवलें जात नाहीं. वस्तु आणि ऋतु यांची ही गांठ सुटली, कीं उरतें तें केवळ लांकूड. म्हणूनच स्कान्सेनच्या संस्थापकांनीं घरांबरोबर सणहि आणिले. भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयांतहि, सुमारें २०० एकरांच्या श्यामला टेकडीवर जीं आदिवासींचीं व इतर ग्रामीण घरें उभीं आहेत, तीं त्या त्या समाजाच्या कारागिरांनींच येऊन बांधिलेलीं आहेत. वस्तूबरोबर ती हाताळणारा मनुष्य हवा आणि तिची वेळ हवी.

या दृष्टीनें पाहूं गेल्यास, आपल्या नांदेड-लातूर भागास बाहेरून ऋतुप्रदर्शनें आणण्याचें कारणच नाहीं. तीं आपल्या अंगणांत भरत आलीं आहेत. श्रावणी अमावास्येचा पोळा हें बैल, झूल, वेसण, कासरा व घुंगरमाळा यांचें वार्षिक प्रदर्शनच होय. आदल्या सायंकाळीं खांदेमळणी होते. ज्या खांद्यावर वर्षभर जूं टेंकलें, त्याला हळद व लोणी चोळतात. मार्गशीर्ष वद्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. तेथें घोडे, गाढवें, उंट येतात, आणि जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनांत आपल्याच कंधार भागाचा लाल कंधारी व लातूरकडचा देवणी हे बैल शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. त्याच सुमारास येणाऱ्या मार्गशीर्ष अमावास्येस लातूर-धाराशिवाकडे आणि नांदेडच्या दक्षिण भागांत वेळ अमावास्या साजरी होते. शेतांत कडब्याची कोप उभारून, पांच पांडव मांडून, भज्जी, उंडे व आंबील यांचा नैवेद्य दाखवितात आणि आंबील शेतांत शिंपडतात. आमच्याच तालुक्यांत तामशाच्या बारालिंग देवस्थानीं संक्रांत-करीच्या सुमारास भाजीभाकरीची पंगत होते. गांवोगांवच्या चुलींवरच्या भाकरी एका पानांत येऊन पडतात. या प्रसंगीं मुलांस नेणें म्हणजे संग्रहालयास नेणेंच होय. फरक इतकाच कीं येथें चिठ्ठी लावलेली नसते. ती वडील माणसांनीं तोंडीं वाचून दाखवावयाची असते.

येथवर वाचून कोणा वाचकांस वाटेल कीं, आम्हीहि ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांपैकीं आहों. तसें नव्हे. कणेरीहून परततांना पणतूनें आत्याबाईंस विचारलें, “तुम्हाला परत जातं हवंय का?” त्या ताडकन् म्हणाल्या, “मुळीच नको! गावात गिरणी आली, त्या दिवशी आम्ही सुनांनी साखर वाटली नाही, एवढंच. ओव्या हव्यात रे मला, दळण नको.” आम्हांस वाटतें, या एका वाक्यांत सर्व विवेक आला. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, तो याच विवेकाचा परिपाक होय. कष्ट गेले तें बरें झालें. कष्टांत जन्मलेली वाणी जाऊं नये.

दुसरीहि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ग्रामजीवनाचें चित्र काढतांना, मग तें दगडांत असो, शब्दांत असो कीं आपल्या घरच्या गप्पांत असो, सर्वांचे चेहरे हंसरे काढण्याचा मोह होतो. महसूल खात्यांत हयात घालविलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ या ग्रंथांत त्या गाड्याचीं कुरकुरणारीं चाकेंहि दाखविलीं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधान सभेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खेड्यांच्या अवास्तव गौरवाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. कारण वेशीबाहेर राहावें लागणाऱ्यास तो गांव कसा दिसत होता, हें त्यांस ठाऊक होतें. आपलीं घराणीं जोशीपणाचीं, कुळकर्णाचीं. आपल्या वाड्यांत दप्तर होतें, बळदांत धान्य होतें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास व सुकडीच्या रांगेंत उभे राहावयास बहुतेक वाड्यांबाहेरचीं माणसें गेलीं. तेव्हां आपल्या माळ्यावरची तिफण ‘आमच्या आजोबांची’ असें आपण म्हणतों, तेव्हां अर्धेंच सत्य बोलतों. ती आजोबांच्या मालकीची होती. घडविली ती गांवच्या सुतारानें, बाभळीच्या लांकडांतून. जुंपली ती पाडव्यास साल धरलेल्या सालगड्यानें. आणि चाड्यावर मूठ धरून, बी खालीं सारखें पडेल अशा बेतानें बोटें सोडीत चिखलांतून चालली ती बहुधा त्याचीच बायको. ज्याचें नांव खरेदीखतावर, त्याचेंच चिठ्ठीवरहि आलें, तर तें संग्रहालय नव्हे, मालमत्तेची यादी होय.

मग करावयाचें काय? सात एकर जमीन व शेकडो पुतळे प्रत्येक तालुक्यास साधणारे नाहींत, आणि त्यांची वाट पाहण्यास वेळहि नाहीं. मराठवाड्यांतील वाडे उतरविले जात आहेत. नक्षीच्या तुळया, खांब, चौकटी व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून दूरच्या शहरांतील उपाहारगृहांत शोभेस जात आहेत. तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत निघत आहेत. घंगाळाच्या वा ताम्हणाच्या कांठावर टिंबांटिंबांनीं कोरलेलें नांव, गांव व साल कोणी वाचतो काय? तें भांडें कोणाच्या लग्नांत आलें, कोणत्या माहेराहून आलें, याचा तो लेख आहे. घराण्यांतील कित्येक स्त्रियांचीं नांवें वंशावळींत नाहींत, परंतु भांड्यांवर आहेत. तीं वजनावर विकतांना आपण किती स्वस्तांत काय विकतों, याचा विचार करावा.

एकत्र कुटुंबांस सहज जमेल अशी एक योजना आम्ही सुचवितों. माळ्यावरचें सर्व एकदम खालीं काढूं नये. तें पसाऱ्यासारखें दिसेल व आठ दिवसांत पुन्हां वर जाईल. ऋतूप्रमाणें काढावें. मृग लागतांच ओसरीवर तिफण व चाडें मांडावें, पोळ्यास बैलांचा साज, मार्गशीर्षांत सूप-चाळण व कणगी, माघांत विळे, फाल्गुनांत खळ्याचें साहित्य, आणि वैशाखांत पापड-कुरडयांचे साचे. प्रत्येक वेळीं ती वस्तु जिनें वा ज्यानें प्रत्यक्ष वापरली, त्या व्यक्तीस बोलवावें. सुताराच्या घरचे, सालगड्याच्या घरचे जे कोणी वृद्ध असतील, त्यांस सन्मानानें ओसरीवर बसवावें, आपण खालीं बसून ऐकावें आणि मुलांनीं लिहून घ्यावें. आतां घरोघरीं आवाज टिपण्याचें साधन खिशांत आहे. त्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं. वस्तूच्या चिठ्ठीवर पांच ओळी असाव्यात: तिचें येथील नांव, ती कोणीं घडविली, कोणीं वापरली, कोणत्या महिन्यांत लागे, आणि ती कधीं व कां थांबली.

निगेविषयीं दोन शब्द. लांकडी अवजारांस चकचकीत तैलरंग फांसूं नये; त्यानें हातांनीं पडलेली गुळगुळीत झिलई झांकली जाते. धूळ कोरड्या कुंच्यानें झाडून वर्षाकांठीं जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, आणि वस्तु जमिनीवर न टेंकवितां विटांवर ठेवावी, म्हणजे वाळवी चटकन् दिसते. भांडें घासतांना कोरलेलें नांव झिजणार नाहीं, इतपतच घासावें. मोडी लिपींतील कागद देवघरांत कोंडूं नयेत. वाचणारा भेटल्यास वाचून घ्यावेत.

अशा दहा घरांच्या दहा ओसऱ्या झाल्या, म्हणजे गांवच्या शाळेची एक खोली मागण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल. हदगांवास एवढें जमणार नाहीं काय? केळकरांनींहि एका घरापासूनच आरंभ केला होता. आत्याबाईंसारखीं माणसें आणखी किती मृग पाहतील, हें कोणाच्या हातीं नाहीं. वस्तु टिकेल, परंतु तिचें नांव सांगणारें तोंड टिकणार नाहीं. म्हणून येत्या मृगाच्या आंतच, वाचकहो, माळ्यावर शिडी लावा; आणि शिडी लावण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस व शेतावर राबलेल्या सर्वांत वृद्ध गड्यास, दोघांसहि, तिच्या पायथ्याशीं आणून बसवा.